जर चढाल, तर वाजेल

मराठीचे व्याकरण वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. रस्त्यातली पाटी दिसली की तिच्यातला उपदेश मागे राहतो आणि क्रियापदच आधी डोळ्यांत भरते. 'येथे थुंकू नका', 'रांगेत उभे राहा', 'डाव्या बाजूने चला' हा झाला आज्ञार्थ. 'हिरवळीवरून चालू नये', 'कचरा कुंडीत टाकावा' हा विध्यर्थ. म्हणजे हुकूमच, पण सोवळे नेसून आलेला. आपल्या नगरपालिका, आपली रेल्वे, आपली महाविद्यालये आणि आपल्या गृहनिर्माण संस्था, साऱ्यांचा संसार या दोन अर्थांवर चालला आहे. आणि गंमत अशी की, या दोहोंचा आपल्यावर काडीइतकाही परिणाम होत नाही. 'थुंकू नका' अशी पाटी ज्या भिंतीवर असते, त्या भिंतीचा पाटीखालचा भाग कसा लालेलाल झालेला असतो, हे मी सांगायला नको. थुंकायची जागा सापडावी म्हणूनच ती पाटी लावली की काय, अशी शंका यावी!

पण व्याकरणात आणखी एक अर्थ आहे. त्याचे नाव संकेतार्थ. 'अमुक कराल, तर तमुक होईल', हे त्याचे रूप. त्यात हुकूम नाही आणि उपदेशही नाही. एक अट आहे, आणि अटीच्या पलीकडे काहीतरी घडायचे आहे. प्रत्येक आईला हा अर्थ व्याकरण न शिकता येतो. 'दूध पी' म्हटले की मूल तोंड फिरवते. 'दूध संपवलंस, तर पेल्याच्या तळाचा मोर दिसेल' म्हटले की तेच मूल पेला दोन्ही हातांनी धरते. आता हा मोराचा पेला शहराच्या रस्त्यावर, जिन्यावर आणि चौकात मांडता येईल का? जगात काही ठिकाणी तो मांडून पाहिला गेला आहे. यंदाच्या दिवाळीत वाचकांपुढे तीच हकीकत ठेवावी म्हणतो.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिथल्या ओडेनप्लान नावाच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात वर यायला दोन वाटा आहेत. एक साधा जिना आणि त्याला लागूनच सरकता जिना. आता सरकता जिना शेजारी असताना साध्या जिन्याकडे कोण बघतो? २००९ साली एका रात्रीत काही मंडळींनी त्या साध्या जिन्याच्या पायऱ्यांवर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बसवल्या. पायरीवर पाय पडला की सूर उमटे. सकाळी लोक नेहमीप्रमाणे कामाला निघाले. एकाने बिचकत पाय ठेवला, दुसऱ्याने हसत ठेवला, आणि मग काय, पोरेसोरे खालीवर नाचू लागली; कोणी दोघे मिळून धून वाजवता येते का ते पाहू लागले. नेहमीपेक्षा ६६ टक्के अधिक लोक त्या दिवशी साध्या जिन्याने चढले, असे प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केले. जिन्यावर एकही पाटी नव्हती. जिना आपल्यापुरते एवढेच म्हणत होता: जर चढाल, तर वाजेल.

ही हकीकत मी आमच्या सोसायटीतल्या इंजिनिअरकाकांना सांगितली. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा निम्मा जन्म जिने, पूल आणि मोऱ्या बांधण्यात गेलेला. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "प्राध्यापक, हा पियानो बसवला कोणी? रेल्वेने?"

"नाही काका," मी म्हटले, "फोल्क्सवागन कंपनीच्या जाहिरातीच्या मोहिमेतला तो भाग होता."

"म्हणजे मोटारी विकणाऱ्यांनी लोकांना जिना चढायला शिकवले!" काका मोठ्याने हसले. "आणि तो पियानो आजही वाजतो आहे?"

काकांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. तो प्रयोग थोड्या दिवसांचा होता. त्याची फीत मात्र साऱ्या जगाने पाहिली आणि पुढे अनेक शहरांत त्याच्या नकला झाल्या. २०१४ साली पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात असाच दुसरा प्रकार झाला. तिथे पादचाऱ्यांच्या सिग्नलमधला लाल माणूस नाचू लागला. जवळच्या खोलीत खरोखरीची माणसे नाचत आणि त्यांच्या हालचाली सिग्नलमधला लाल माणूस करी. नाच बघायला लोक कडेला थांबत. ८१ टक्के अधिक लोक थांबले, असा दावा केला गेला. आणि हा नाचही एका मोटारीच्या कंपनीनेच बसवलेला! पायी चालणाऱ्यांची करमणूक मोटारवाल्यांच्या पैशाने व्हावी, हा योगायोग काकांना फारच आवडला.

तरीही एवढ्याने हा विचार निकालात काढणे बरे नव्हे. जिन्याचा गुण असा की, त्याचा फायदा वीस वर्षांनी मिळतो आणि त्रास मात्र आत्ता, या पायरीला होतो. हृदय मजबूत होईल, वजन उतरेल, हे सारे भविष्यकाळात. दम लागतो तो वर्तमानकाळात. माणूस स्वभावतः वर्तमानकाळात राहणारा प्राणी असल्यामुळे तो सरकत्या जिन्याकडे वळतो. वाजणारी पायरी काय करते? आत्ताच्या त्रासापुढे आत्ताचाच आनंद ठेवते. १९८० साली अमेरिकेत ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून साधा प्रयोग केला होता. सरकत्या जिन्यापाशी त्यांनी एक चित्र लावले. एक लठ्ठ, दमलेले हृदय सरकत्या जिन्याने चालले आहे आणि दुसरे, टुणटुणीत हृदय साध्या जिन्याने चढते आहे, एवढेच ते चित्र. साध्या जिन्याने जाणाऱ्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. पण चित्र काढून घेतल्यावर तीन महिन्यांत लोक पुन्हा पूर्वपदावर आले. गंमत शिळी होते, हा तिचा धर्मच आहे.

मग शिळी न होणारी गंमत कुठे असते? तिचा शोध घ्यायला स्वीडनला जाण्याची गरज नाही. जेजुरीला गेले तरी पुरे. खंडोबाच्या गडाच्या त्या नवलाख म्हटल्या जाणाऱ्या पायऱ्या नवऱ्यामुलाने नवरीला उचलून चढायच्या. सगळ्या जमल्या नाहीत तर निदान पाच तरी. आजूबाजूला आत्याबाई, मामेबहिणी, मित्र उभे. नवऱ्याचा चेहरा लाल, नवरीचा त्याहून लाल. पाचवी पायरी झाली की भंडाऱ्याची उधळण आणि 'येळकोट येळकोट'चा गजर. चढणे हे काम आहे, ही आठवणच कोणाला राहत नाही. पियानो दोन आठवड्यांत जुना होईल. पण इथे दर वेळी नवरा नवा आणि नवरीही नवी, म्हणून खेळ जुना होत नाही. ज्या खेळात दर वेळी नवी माणसे आपला जीव ओततात, तो टिकतो.

याचा आणखी एक दाखला फार दूरचा, दक्षिण अमेरिकेतला आहे. कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. १९९५ च्या जानेवारीत तिथे आंतानास मॉकस नावाचा गृहस्थ महापौर झाला. हा मूळचा गणित आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. (प्राध्यापकाला नगरपालिका दिली तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे!) शहरातल्या वाहतुकीत कोणी कोणाचे ऐकत नव्हते. दंडाला लोक भीत नव्हते, कारण दंड चुकवण्याच्या वाटा सर्वांना पाठ होत्या. मॉकसने चौकाचौकांत मूकनट उभे केले. तोंडाला पांढरा रंग, अंगात विदूषकाचे कपडे. आधी २०, पुढे त्यांची संख्या चारशेच्या वर गेली. त्यांच्या हाती शिट्टी नव्हती, पावतीपुस्तक नव्हते, तोंडी शब्दही नव्हता. कोणी सिग्नल मोडून रस्ता ओलांडू लागला की मूकनट त्याच्या मागोमाग त्याच्याच चालीने चाले. कोणी झेब्रा पट्ट्यांवर गाडी उभी केली की तो त्या गाडीपुढे हात जोडी, कपाळ बडवून घेई, आणि सारा चौक हसे. मॉकसचा हिशेब असा की, माणूस दंडाला भीत नसला तरी चारचौघांतल्या हसण्याला भितो. नागरिकांच्या हातीही त्याने साडेतीन लाख पत्ते दिले. त्यांवर अंगठा छापलेला. कोणी नीट वागला तर वर केलेला अंगठा दाखवायचा आणि वेडेवाकडे वागला तर खाली केलेला.

हे वाचताना मला आपल्या बहुरूप्याची आठवण झाली. खाकी कपडे घालून, छडी हलवीत, 'तुमच्या नावाचं वॉरंट आहे' म्हणत ओसरीवर येणारा तो पोलीस! घरातल्या मोठ्यांना ते सोंग आहे हे ठाऊक असे, तरी क्षणभर काळजात लकाकून जाई. कायद्याचा धाक आणि हसू एकाच वेळी उभे करण्याची ही कला आपल्या गावोगाव होती. बोगोटाच्या महापौराने तिला नगरपालिकेची नोकरी दिली, इतकेच.

त्याचा परिणाम? बोगोटात रस्त्यावरच्या अपघातांत वर्षाला सुमारे १,३०० माणसे मरत. मॉकसची दुसरी कारकीर्द २००३ साली संपली, तेव्हा हा आकडा ६०० च्या आसपास उतरला होता. याचे सारे श्रेय पांढऱ्या तोंडाच्या नटांना देणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. मधल्या काळात त्या शहराने मद्यालये रात्री लवकर बंद करायला लावली, फुटपाथ आणि सायकलींचे मार्ग बांधले, बसगाड्यांसाठी स्वतंत्र रस्ते केले. नटांनी लोकांचे लक्ष वेधले आणि चार नियम हसतहसत गळी उतरवले. पुढचे काम सिमेंटने आणि कायद्याने केले.

हे ऐकून काका म्हणाले, "हे मात्र पटते. आधी कठडा, मग पेटी. जिन्याला कठडा नसताना पायरीवर पेटी बसवाल, तर लोक गात गात खाली पडतील!"

काकांचे हे वाक्य विनोदाने बोललेले असले तरी विनोदाने घेण्यासारखे नाही. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. यांतल्या कितीतरी जणांना चालायला फुटपाथच नसेल, किंवा असलाच तर त्यावर दुकान, मोटारसायकल किंवा विजेची पेटी उभी असेल. अशा माणसाला 'जर चढाल, तर वाजेल' म्हणणे ही थट्टा होईल. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याच्या डोक्यावर बोजा किंवा कडेवर मूल आहे, त्याला सरकता जिनाच हवा. त्याला लाजवणारा खेळ हा खेळच नव्हे.

आणि जिथे गर्दी आहे तिथे तर खेळाने फारच जपून पाऊल टाकले पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ मुंबईकर विसरलेला नाही. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर, पावसाला आडोसा म्हणून थांबलेल्या आणि मागून येणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. अशा जिन्यावर एखादा मनुष्य सूर ऐकायला दोन क्षण जरी थबकला, तरी ते दोन क्षण मागच्यांना महागात पडतील. तिथे हवी होती ती रुंदी. खेळ पावलाला थांबवतो, रेंगाळवतो. म्हणून पाऊल कुठे रेंगाळलेले चालेल आणि कुठे नाही, हे ज्याला कळते त्यानेच खेळ मांडावा.

मुंबईत याचे भान ठेवून केलेले प्रयोग नाहीत असे नाही. वडाळा स्टेशनाजवळ लोक रूळ ओलांडताना गाडीखाली सापडत. समोरून येणाऱ्या प्रचंड वस्तूचा वेग माणसाच्या डोळ्याला नीट जोखता येत नाही, हे त्याचे एक कारण. २०१० च्या सुमारास तिथे रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतराने पिवळे रंगवले गेले. गाडी एकेक पिवळी पट्टी गिळत येताना दिसली की तिचा वेग डोळ्यात भरतो. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या वाजवायचे ठरले, कारण तुटक आवाजाने माणूस चटकन भानावर येतो. शिवाय गाडी अंगावर येताना भयाने विस्फारलेला एका माणसाचा चेहरा चित्रात दाखवला होता. यात हसण्यासारखे काही नव्हते, आणि नसावेच. पण 'रूळ ओलांडू नका' या आज्ञार्थापेक्षा त्या पिवळ्या पट्ट्या माणसाच्या डोळ्यांशी अधिक सरळ बोलत होत्या.

दुसरा प्रयोग मात्र खास मुंबईच्या विनोदबुद्धीला शोभणारा. २०२० च्या आरंभी मुंबई पोलिसांनी एका सिग्नलची फीत लोकांपुढे ठेवली. लाल दिव्यापाशी उभे राहून पुढच्याच्या नावाने हॉर्न वाजवीत राहणे हा आपला राष्ट्रीय छंद. पोलिसांनी काही चौकांत सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू! हॉर्न जास्त, तर थांबणेही जास्त. म्हणजे हाही संकेतार्थच. फक्त पेल्याच्या तळाला मोराऐवजी काढा. शेजारच्याने हॉर्न वाजवला की बाकीचे त्याच्याकडे डोळे वटारून पाहू लागले, आणि पोलिसाचे अर्धे काम प्रवाशांनीच केले.

काकांचा शेवटचा आक्षेप सर्वांत जड होता. ते म्हणाले, "प्राध्यापक, पण माणसाला न सांगता असे वळवायचे म्हणजे फसवणेच की! पाटी निदान तोंडावर बोलते. मला पटले नाही तर मी ती झुगारून देईन. हा तुमचा वाजणारा जिना मला कळूच देत नाही."

या प्रश्नावर विद्वानांतही वाद आहे. रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टाइन यांनी २००८ साली याच विषयावर पुस्तक लिहिले. थेलरना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सक्ती न करता माणसाला हलकेच कोपर लावून बऱ्या वाटेकडे वळवावे, असे त्यांचे म्हणणे. पण कोपर कोणाचे आणि वाट कोणाच्या बरी म्हणण्याची, हा काकांचा प्रश्न उरतोच. मोठ्या दुकानांतही आपल्याला असेच वळवले जाते. साधी साखर घ्यायला गेलेला माणूस दहा कप्पे हिंडून चार अनावश्यक वस्तू घेऊन येतो, तो काही आपल्या बुद्धीने नव्हे.

मला यातला फरक असा वाटतो. खेळ मांडणारा समोर उघड असला पाहिजे, आणि 'मी खेळत नाही' म्हणण्याची वाट खेळणाऱ्याला मोकळी असली पाहिजे. ओडेनप्लानचा सरकता जिना कोणी बंद केला नव्हता. बोगोटाचा मूकनट तोंडाला रंग लावूनच उभा होता. तो लपलेला नव्हता. बहुरूप्याचे सोंग सर्वांना माहीत होते. दुकानातली वळणे मात्र आपल्याला दिसू नयेत अशाच बेताने आखलेली असतात. जो खेळ समजल्यावरही खेळावासा वाटतो, त्यात फसवणूक नाही.

या कसोटीला पूर्ण उतरणारा एक प्रचंड खेळ आपण दर आषाढात पाहतो. आळंदीपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. लाखो माणसे हे अंतर पायी तोडतात. त्यांत सत्तरीच्या आजीबाई असतात आणि खांद्यावरची पोरेही असतात. या गर्दीला पुढे नेणारी रचना पाहा. दिंड्यांना क्रमांक आहेत. रथापुढे कोणी चालायचे आणि रथामागे कोणी, हे ठरलेले आहे. या सोहळ्याला अशी शिस्त लावण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या हैबतबाबा आरफळकरांकडे जाते. पण नुसत्या शिस्तीने अडीचशे किलोमीटर कोण चालेल? म्हणून पावलाला टाळाचा ठेका आहे. आणि वाटेत चांदोबाच्या लिंबासारख्या ठिकाणी रिंगण आहे. लोक आपणहून दोन बाजूंना सरकतात, मधे वाट मोकळी होते, आणि तिच्यातून अश्व धावत जातो. नंतर फुगड्या रंगतात. दमलेले पाय खेळतात आणि खेळून पुन्हा चालायला ताजे होतात. रेंगाळायचे कुठे आणि चालायचे कुठे, हे इथे नीट ठरलेले आहे. एल्फिन्स्टनच्या पुलावर नसलेली ऐसपैस जागा रिंगणाच्या माळावर असते, हेही विसरू नये.

आणि याहून छोटा दाखला या चार दिवसांत घराघरांपुढे दिसतो आहे. पहाटे उठून कोणी दारात रांगोळी घालते. दूधवाला येतो, वर्तमानपत्रवाला येतो, सोसायटीतली पोरे फटाके घेऊन धावत सुटतात. पण प्रत्येक पाऊल त्या रांगोळीशी येऊन वळते. 'पाय देऊ नये' अशी पाटी तिथे नसते, रखवालदारही नसतो. रांगोळीत आज्ञार्थ नाही, विध्यर्थ नाही आणि संकेतार्थही नाही. व्याकरणात ज्याला स्वार्थ म्हणतात, तेवढाच तिचा अर्थ: मी इथे आहे. कोणीतरी वाकून, कंबर दुखेपर्यंत बसून ती काढली आहे, हे पाऊल टाकणाऱ्याला दिसते आणि तो आपणहून बाजूने जातो.

आपल्या फुटपाथांकडे, जिन्यांकडे आणि चौकांकडे पाहून, 'कोणीतरी आपल्यासाठी हे मन लावून केले आहे' असे चालणाऱ्याला कधी वाटते का? वाटले, तर त्यांच्यावर थुंकताना त्याची जीभ अडखळेल, असे मला वाटते. नगरपालिकेने हवे तर पियानो नंतर बसवावा. आधी सलग फुटपाथ, धडकी न भरवणारा जिना आणि म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला पुरेल इतका वेळ देणारा सिग्नल द्यावा.

हा मजकूर मी काकांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "लिहा तुम्ही, प्राध्यापक. पण आपल्या सोसायटीच्या जिन्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे. पुढच्या सभेत तेवढा विषय माझ्या बाजूने मांडा. आणि हो, 'दिवा लावावा' असा विध्यर्थ नको. 'जर दिवा लागला नाही, तर काका वर्गणी देणार नाहीत', असा तुमचा संकेतार्थ घाला!"